ओकच्या झाडावरची पखाल

2019 च्या मार्चमधली गोष्ट. कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला लावून परत येत होते, तर अंगणातल्या ओकखाली राखाडी-हिरव्या पानांचा मोठा झुबका पडलेला दिसला. रात्री वारा नव्हता की पाऊस नव्हता. उचलायला वाकले तर पानं एकेक करून सुटी झाली आणि हातात नुसता गाभा आला. पानांची बुडं तपकिरी, लिबलिबीत झाली होती आणि त्यांना आंबलेल्या अननसासारखा वास येत होता. वर पाहिलं. फांदीवर बाहेरच्या पानांचं रिकामं कडं तेवढं उरलं होतं. आठ वर्षं रोज बघत आले होते मी ते झाड.

आम्ही 2011 साली फ्लोरिडात सारासोटाला राहायला आलो. घर बघायला आलो तेव्हा घरापेक्षा मी हा ओकच जास्त पाहिला. इथे याला लाइव्ह ओक म्हणतात. उंचीपेक्षा पसारा मोठा, फांद्या जमिनीला समांतर लांबवर गेलेल्या आणि त्यांच्यावर तसूभर जागा मोकळी नाही. स्पॅनिश मॉसच्या राखाडी जटा लोंबतायत. रेझरेक्शन फर्न नावाचं नेचं कोरड्या दिवसांत वाळून चुरगळतं आणि एका पावसात पुन्हा हिरवंगार होतं. या सगळ्यांत उठून दिसणारी, पेल्यासारखी उमललेली, हात-हातभर पानांची टिलँडसिया युट्रिक्युलाटा. इथली माणसं तिला जायंट एअरप्लांट म्हणतात. पहिल्याच वर्षी मी मोजली होती. आमच्या ओकवर 23 मोठी झाडं होती.

2014 साली आई आणि अण्णा आले. अण्णांची कुडाळजवळ हापूसची बाग आहे. विमानतळावरून आल्यावर चहा घेऊन ते अंगणात उभे राहिले आणि वर बघत म्हणाले, "गो, ह्यां बांडगूळ ठेवलंस कित्याक? फांदी सुकतली ती."

त्यांचं म्हणणं अगदी स्वाभाविक होतं. आमच्याकडे बांडगूळ म्हणजे बागेचा वैरी. ते आंब्याच्या फांदीत मुळं घुसवतं, झाडाचा रस ओढतं आणि पुढची फांदी वाळत जाते. दरवर्षी कोयती घेऊन, जिथे ते चिकटलंय त्याच्या खालून फांदी छाटावी लागते. मी लहानपणापासून अण्णांना हे करताना बघितलंय. त्यामुळे "हे बांडगूळ नाही" एवढं नुसतं सांगून भागणार नव्हतं. शिडी आणली. अण्णा सगळ्यात खालच्या फांदीपर्यंत चढले, खिशातली सुरी काढली आणि एका झाडाचं बुड तपासायला लागले. काळी, तारेसारखी चिवट मुळं सालीला धरून होती. सुरीचं टोक घालून त्यांनी एक मूळ उचललं, ते सालीवरून अलगद सुटलं. खालचं लाकूड ठणठणीत. मूळ आत गेलेलंच नव्हतं. मग त्यांनी पानांच्या बेचक्यात बोट घातलं आणि दचकून बाहेर काढलं.

"ह्येच्यात पाणी आसा गो!"

पाणी होतं, त्यात ओकची कुजलेली पानं होती आणि एक हिरवा बेडूकही होता. अण्णा बराच वेळ शिडीवरच थांबले. उतरताना म्हणाले, "ह्यां आपल्या बाशिंगासारख्यां." मला तो शब्द कितीतरी वर्षांनी ऐकू आला. पावसाळ्यात आमच्या जुन्या आंब्या-फणसांवर बाशिंगाचं नेचं पसरतं. त्याची सुकी, तपकिरी पानं टोपलीसारखी उभी राहतात, पालापाचोळा धरून ठेवतात आणि नेचं त्याच्यावर जगतं. झाडाचं काही घेत नाही, फक्त बसायला जागा घेतं. टिलँडसियाचंही नेमकं असंच आहे. मी कधी त्या दोघांची सांगड घातली नव्हती, अण्णांनी एका नजरेत घातली.

नंतर आम्ही सगळे मेरी सेल्बी बोटॅनिकल गार्डनला गेलो. गावातच आहे आणि झाडांवर वाढणाऱ्या झाडांसाठीच ती बाग ओळखली जाते. टिलँडसिया ब्रोमेलियाड नावाच्या कुळातली. या कुळात 3000 हून जास्त जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतली एक सोडली तर सगळ्या अमेरिका खंडांतल्या. स्पॅनिश मॉसही यातलीच, नावात मॉस म्हणजे शेवाळ असलं तरी. आणि आपला अननस. तो जमिनीत वाढणारा, पण याच घरचा. पोर्तुगीजांनी फळ आपल्याकडे आणलं तेव्हा नावही बरोबर आलं, ब्राझीलच्या तुपी लोकांच्या बोलीतलं. लिनियसने 1753 मध्ये आमच्या ओकवरच्या जातीला युट्रिक्युलाटा म्हटलं. युट्रिक्युलस म्हणजे छोटी चामडी पिशवी. आपल्या भाषेत सांगायचं तर पखाल. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव पखाल पडलं.

तर 2019 च्या त्या सकाळी मी ती मोडकी पखाल आत आणली, ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि बुंधा उभा चिरला. आत बोगदेच बोगदे होते. भुसा आणि रस मिसळून चॉकलेटी राबडी झाली होती. एका बोगद्यात पांढरट पिवळी अळी होती. पाय नाहीत, अंग फुगीर, डोकं तांबूस आणि टणक. सुरीच्या टोकाने स्पर्श केला तर ती आखडून अर्धगोल झाली. शेजारी काथ्याच्या छोट्या गोळ्यासारखं काहीतरी होतं. पानांचे धागे चावून चावून विणलेला कोश. तो सोडवला तर आतून काळा भुंगा निघाला. दीड सेंटिमीटरचा असेल, पुढे वाकडी सोंड आणि पाठीवर नारिंगी रंगाचा आडवा पट्टा. अंगावर अजून ओल होती.

मी फोटो काढून अण्णांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. "ह्यो सोंड्याचोच भाऊ!" ज्यांच्या घरी माड आहेत त्यांना सोंड्या भुंग्याची ओळख करून द्यायला नको. तो माडाच्या कोवळ्या गाभ्यात शिरतो आणि बाहेरून हिरवा दिसणारा माड एक दिवस वरून कोसळतो. अण्णांचा अंदाज अचूक होता, दोन्ही भुंगे एकाच उपकुळातले आहेत. या भुंग्याचं नाव मेटामासियस कॅलिझोना. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. शोभेच्या ब्रोमेलियाडच्या आयात झाडांबरोबर तो फ्लोरिडात आला आणि 1989 मध्ये ब्रोवर्ड काउंटीत पहिल्यांदा सापडला. मादी पानाच्या बुडाला चीर पाडून अंडं घालते, अळी बुंधा पोखरते आणि साधारण दोन महिन्यांत नवा भुंगा बाहेर पडतो.

त्याला हवी असतात जाड बुंध्याची मोठी झाडं. स्पॅनिश मॉसमध्ये पोखरायला काही नाही, म्हणून तिला धोका नाही. पखालीला मात्र याच गोष्टीने मारलं. केळीला मुनवे फुटतात, अननसाला पिल्लं येतात, हिला इथे बहुतेक काहीच येत नाही. बी पडल्यापासून फुलावर यायला 10 ते 20 वर्षं लागतात. आयुष्यात एकदाच फुलते, बी देते आणि मरते. भुंगा गाठतो ते नेमकं फुलण्याच्या आधी. म्हणजे पंधरा वर्षं वाढलेलं झाड एकही बी न टाकता जातं. एकेकाळी दक्षिण फ्लोरिडात कुठल्याही ओकवर दिसणारी ही जात आज राज्याच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॉवर्ड फ्रँक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुंग्याचा शत्रू शोधला. होंडुरासच्या डोंगरातली एक माशी, जिच्या अळ्या भुंग्याच्या अळीला खातात. तिचं नावही फ्रँक यांच्यावरूनच ठेवलंय, लिक्सॅडमोंशिया फ्रँकी. 2007 पासून ती माशी रानात सोडली, पण तिचा हवा तसा जम बसला नाही. तेव्हा मोठा इलाज हातात नाही. उरतं ते एकेक झाड जपणं आणि बी वाचवणं.

त्या उन्हाळ्यात मी दर रविवारी शिडी लावून एकेक झाड बघायला लागले. खूण म्हणजे पानांच्या बुडाशी पाझरणारा चिकट, मधासारखा डिंक. तो दिसला की आत अळी आहेच. मधलं पान हलकेच ओढून बघायचं, सुटून आलं तर खेळ संपला. अशी झाडं उतरवून पिशवीत घट्ट बांधायची आणि दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायची, म्हणजे आतले भुंगे मरतात. आमच्या फ्रीझरचा खालचा कप्पा तेव्हा त्यासाठीच रिकामा ठेवला होता. औषध फवारायला मन होईना. प्रत्येक पखालीत बेडूक, कोळी, अळ्या, कुजणारी पानं असा संसार असतो, फवारा त्या सगळ्यांवरच गेला असता. 2019 संपेपर्यंत 23 पैकी 4 झाडं राहिली.

मार्च 2020 मध्ये, सगळं जग घरात बसलं होतं तेव्हा, त्या चारांतल्या एका झाडाच्या मधून भाल्यासारखा दांडा वर आला. नशीब असं की ते खालच्याच फांदीवर होतं. बी तयार व्हायला जवळजवळ वर्ष लागणार आणि तोवर भुंगा आत शिरता कामा नये. भुंगा पानांच्या बुडाशी येतो, दांड्याच्या टोकाशी नाही, म्हणून फक्त पानांचा भाग झाकला तरी पुरे होतं. आईने येताना आणलेली जुनी मच्छरदाणी कापून मी परकरासारखी शिवली. वरची बाजू दांड्याभोवती आवळली, खालची फांदीभोवती. आवळण्याआधी प्रत्येक पान उलटून पाहिलं आणि आतल्या बेडकाला फडक्यात धरून दुसऱ्या फांदीवर सोडलं. तो दुसऱ्या दिवशी परत जाळीवर येऊन बसला होता.

जाळीचा एक तोटा नंतर ध्यानात आला. पखालीचं पोट भरतं ते वरून पडणाऱ्या पाल्यावर. तो पाण्यात कुजतो आणि त्यातलं सत्त्व पानांवरचे खवले शोषून घेतात. पानांवर राखाडी भुकटी दिसते ना, ती धूळ नसते, तेच ते खवले. मुळं फक्त धरायला. जाळी लावल्यावर पाला आत पडेना. म्हणून मी दर आठवड्याला जाळीची गाठ सोडून ओकची मूठभर सुकी पानं आत टाकायची आणि नळीने पाणी बदलायची, म्हणजे डासांच्या अळ्याही वाहून जायच्या. दांडा माझ्यापेक्षा उंच झाला. मे-जूनमध्ये त्याच्या फांद्यांवर बारीक पांढरट फुलं आली. कोणी कीटक आला की नाही याची काळजी करायची गरज पडली नाही, हे फूल आपलं आपणच फळतं.

फेब्रुवारी 2021 मध्ये पहिलं बोंड तडकलं. शेंगेसारखं, बोटाच्या दोन पेरांएवढं, तपकिरी. तीन फाकांत उघडलं आणि आतून पांढरा कापूस फुलून आला. चिमटीत धरला तेव्हा कळलं की प्रत्येक धाग्याच्या जुडग्याला तिळाहूनही बारीक, लांबट बी आहे. म्हातारीच्या केसांसारखंच, फक्त म्हातारी मऊ असते आणि हे केस जरा खरबरीत. जिथे टेकतील तिथे अडकतात. एका बोंडातलं बी मोजायला बसले आणि सत्तरच्या पुढे सोडून दिलं. अशी बोंडं दांड्यावर शेकड्यांनी होती. अर्धी मी तशीच सोडली, वाऱ्याला जिथे न्यायची तिथे नेऊ देत म्हणून. अर्धी कागदी पिशवीत गोळा केली.

पहिली पेरणी फसली. ओलावा टिकावा म्हणून मी प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात ओल्या मॉसवर बी पसरलं. दहा-बारा दिवसांत बी फुगून हिरवं झालं, मी रोज भिंगातून बघत होते. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यावर पांढरी बुरशी चढली. झाडावर जगणाऱ्या जिवाला ओलाव्याइतकंच वारंही लागतं, हे मी विसरले होते. डबा अख्खा फेकावा लागला, आणि त्यात किती बी होतं हे आठवून अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या खेपेला ओकच्या पडलेल्या फांद्यांचे खरबरीत सालीचे तुकडे घेतले, ते पावसाच्या पाण्यात भिजवले आणि कापूस नुसता वरून दाबला. केस सालीच्या भेगांत अडकून बसले. तुकडे मागच्या व्हरांड्यात, ऊन गाळून येतं अशा जागी टांगले. उरलेलं बी ओकच्या खालच्या फांद्यांवर, उत्तरेकडच्या बाजूने चोळलं. मग रोज पहाटे आणि संध्याकाळी फवारणी, पिंपातल्या पावसाच्या पाण्याची. इथला कोरडा मोसम नोव्हेंबर ते मे. एक दुपार फवारणी चुकली तरी चालतं, दोन दिवस चुकले तर हिरवा ठिपका तपकिरी होतो. मे महिन्यात मी दर दिवशी आभाळाकडे बघायची. इथला पाऊसही आपल्या मृगाच्या सुमारालाच येतो. 2021 च्या जूनमध्ये तो आला तेव्हा सालींवर 140 रोपं जिवंत होती, आणि सगळ्यात मोठं तांदळाच्या दाण्याएवढं. आई-झाड त्याच महिन्यात शेवटचं वाळलं. जाळी सोडताना आत भुंग्याची एकही खूण नव्हती.

रोपांचं रूप पखालीसारखं मुळीच नसतं. केसाएवढी बारीक, राखाडी पानं, खवल्यांनी मढलेली. पाणी साठवायची सोय नाही, हवेतलं दव आणि पावसाचे थेंब एवढ्यावरच सगळी वर्षं काढायची. दुसऱ्या वर्षाअखेर ती बोटाच्या पेराएवढी झाली आणि संख्या 60 वर आली. आपण काही चुकलो का, असं मला प्रत्येक वाळलेल्या रोपापाशी वाटायचं. रानातही असंच होतं, हजारो बियांतून एखादंच तरतं, हे माहीत असूनही वाटायचं.

ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन वादळ सारासोटाच्या पुढ्यातल्या सिएस्टा कीवरच येऊन धडकलं. घर सोडायचा आदेश आला तेव्हा गाडीत कागदपत्रं, औषधं, देवघरातला गणपती आणि सालीचे सगळे तुकडे भरले. परत आलो तर ओक उभा होता, दोन मोठ्या फांद्या मोडून पडल्या होत्या. अख्ख्या गल्लीत रस्त्याकडेला तोडलेल्या फांद्यांचे ढीग लागले होते आणि त्या फांद्यांवर टिलँडसिया, मॉस, फर्न तशीच जिवंत. चार दिवसांत ट्रक येऊन सगळं घेऊन जाणार. ही झाडं कोणाच्याही जागेतून न विचारता उचलायची नसतात, म्हणून मी आणि माझी मुलगी घरोघरी जाऊन विचारत फिरलो. एकाही घराने नाही म्हटलं नाही. एक आजी तर स्वतः हातमोजे घालून आमच्याबरोबर ढीग उपसायला आल्या. 31 झाडं मिळाली, त्यांतल्या 5 पखाली.

ती परत झाडावर बांधण्याचं काम मात्र मला वाटलं त्याहून अवघड निघालं. घरात तांब्याची तार होती, ती मी घेऊन निघालेच होते. आजींनी हात धरला. तांबं ब्रोमेलियाडला विष आहे, अगदी थोडंसंही. मग सुती नाड्या वापरल्या. इथल्या दमट हवेत दोन महिन्यांत नाड्या कुजल्या आणि एक पखाल खाली आली, सुदैवाने गवतावर. शेवटी नायलॉनच्या जुन्या पायमोज्यांच्या पट्ट्या कामी आल्या. त्या ताणल्या जातात, काचत नाहीत, कुजत नाहीत. पखाल सरळ उभीच बांधायची, तोंड आभाळाकडे. तिरकी झाली तर पाणी सांडून जातं. बुड सालीला इतकं घट्ट टेकलं पाहिजे की वाऱ्याने हलता कामा नये, नाहीतर नवी मुळं धरत नाहीत. सहा महिन्यांनी पट्टी सोडून बघितली तेव्हा काळी मुळं सालीवर पसरली होती, जशी अण्णांनी शिडीवर चढून पाहिली होती तशीच.

आता माझ्या हाताने पेरलेली 17 झाडं आहेत. 11 सालीवर, 6 थेट ओकवर. गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर मी शिडी लावली. ओकवरचं सगळ्यात मोठं आता वीतभर आहे. त्याची पानं बुडाशी रुंद होऊन एकमेकांना चिकटली होती आणि मधल्या बेचक्यात पाणी साठलं होतं. फार नाही, चमचाभर. त्यात ओकचं एक छोटं पान तरंगत होतं.

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. ते आता 81 वर्षांचे आहेत, बागेत रोज जातात. कॅमेरा जवळ नेऊन दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता भुंग्याक दिसतला गो ह्यां."

त्यांचं खरं आहे. बुंधा भरायला लागला की भुंगा येतो. त्या रविवारपासून मी हे झाडही फेरीत धरलंय, विजेरी घेऊन बुडाशी डिंक दिसतो का बघते. मच्छरदाणीचा उरलेला तुकडा शिवून ठेवलाय.